गुदाशयातील लहान गाठ आणि तिची खोली

गुदाशय हा मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटीमीटर लांबीचा भाग असून त्याची भिंत, आत पाणी भरून किंचित ताणली असता, जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर जाडीची भरते. एवढ्याशा जाडीत एकावर एक रचलेले थर असतात आणि या भिंतीत उगवलेली लहान गाठ त्यांपैकी कोणत्या थरापर्यंत पोचली आहे, या एका प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाचे पुढचे आयुष्य पुष्कळदा ठरते. कारण गाठ वरच्या थरांतच असेल तर ती पोटावर एकही टाका न घालता दुर्बिणीतून काढता येते, आणि ती खोल गेली असेल तर गुदाशयच काढावा लागतो, प्रसंगी गुदद्वारासह, आणि मग मलविसर्जनासाठी पोटावर कायमची पिशवी लावावी लागते. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाशी बसवलेल्या सोनोग्राफीने आतड्याच्या आतूनच त्याच्या भिंतीचे थर पाहण्याची पद्धत, या प्रश्नाचे उत्तर कापण्यापूर्वी मिळावे यासाठी आहे. गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती किती खोल आहे हे आधी विचारावे, आणि ती खोली मोजून होण्यापूर्वी गाठीला चिमटा किंवा तार लावण्याची घाई करू नये, हा प्रस्तुत विवेचनाचा गाभा आहे.

ही मांडणी कल्याणच्या पलीकडे राहणारा, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील वाचक डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. राज्य शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये असून तेथे शहरातल्या सिंधी आणि मराठी वस्त्यांबरोबरच अंबरनाथ-बदलापूरकडचे आणि भोवतालच्या गावांतलेही रुग्ण येतात. कर्करोगाच्या उपचारांसाठी मात्र या पट्ट्यातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या लोकलने परळ गाठत आला आहे, जेथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. हे अंतर रेल्वेच्या वेळापत्रकात दीड तासाचे असले, तरी पहिले लक्षण दिसल्यापासून ते त्या दारात उभे राहीपर्यंतचा काळ कित्येकदा महिन्यांचा असतो, आणि लहान गाठीची मोठी गाठ नेमकी याच काळात होते.

या विलंबाचे पहिले कारण म्हणजे ‘मूळव्याध’ हा शब्द. संडासवाटे रक्त पडणे, आव पडणे, शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे न वाटणे, ही लक्षणे मूळव्याधीची असतात तशीच ती गुदाशयातील गाठीचीही असतात; परंतु घराघरांत त्यांना एकच नाव असल्यामुळे ताक, इसबगोल, सुरणाची भाजी आणि ओळखीच्या कोणीतरी सांगितलेले चूर्ण असा क्रम सुरू होतो, आणि तो संपला की स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर ‘मूळव्याध, फिशर, भगंदर’ अशी पाटी दिसेल तेथे पावले वळतात. सुरणाला आयुर्वेदात अर्शोघ्न म्हटले आहे आणि त्या परंपरेचा अवमान करण्याचे काहीच कारण नाही. उलट त्याच परंपरेने आपल्याला आधी पाहावे, मग उपाय करावा, असे शिकवले आहे. गाईच्या सडाच्या आकाराचे, चार अंगुळे लांबीचे, कडेला छिद्रे असलेले अर्शोयंत्र प्राचीन शल्यग्रंथांत वर्णिलेले आहे, ते गुदमार्गाच्या आत डोळ्यांनी पाहता यावे यासाठीच. आजचा दोष औषधाहून अधिक न पाहण्याचा आहे. हातमोजा घातलेले बोट साधारण सात-आठ सेंटीमीटरपर्यंत पोचते, त्याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही आणि गुदाशयाच्या खालच्या अर्ध्या भागातील पुष्कळशा गाठी त्या बोटालाच लागतात. तरीही रुग्णाचा संकोच आणि डॉक्टरची घाई यांमुळे हीच तपासणी सर्वांत अधिक वेळा टाळली जाते. स्त्रियांच्या बाबतीत तर हा संकोच इतका खोल असतो की रक्त पडत असल्याचे घरातल्या घरातही सांगितले जात नाही.

वय लहान आहे म्हणून कर्करोग नसेल, हा समजही येथे धोक्याचा ठरतो. टाटा स्मारक रुग्णालयातील मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा जो आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील सरासरीपेक्षा बरेच कमी, आणि सर्वाधिक गाठी गुदाशयातच होत्या. ज्या वयात माणूस कारखान्याची पाळी किंवा दुकानाचा गल्ला सांभाळत असतो, मुलांची शिक्षणे चालू असतात, त्या वयात पोटावरची कायमची पिशवी येणे आणि न येणे यांत केवढा फरक आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता भिंतीच्या थरांकडे वळता येईल. सर्वांत आतला थर म्हणजे श्लेष्मल त्वचा, जिच्यातून आव पाझरते आणि जिच्यात बहुतेक गाठींचा उगम होतो. तिच्याखाली अधःश्लेष्मल थर, जो सैल तंतूंचा असून त्यातून रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या, जातात. त्यापलीकडे स्नायूंचा थर आणि सर्वांत बाहेर गुदाशयाभोवतीची चरबी, जिच्यात लसिकाग्रंथी विखुरलेल्या असतात. कर्करोगाची पेशी श्लेष्मल त्वचेतच असते तोवर तिला बाहेर पडायला जवळजवळ वाट नसते. अधःश्लेष्मल थरात उतरली की लसिकावाहिन्यांची वाट तिला सापडते. म्हणूनच वैद्यकात गाठीच्या पायऱ्या आकारावर न बेतता खोलीवर बेतल्या आहेत: अधःश्लेष्मल थरापर्यंतची गाठ ती टी-१, स्नायुथरात शिरलेली टी-२, तो ओलांडून चरबीत गेलेली टी-३ आणि शेजारच्या अवयवांना किंवा पोटाच्या आतील आवरणाला भिडलेली टी-४. टी-१ मध्येही सगळ्या गाठी सारख्या नसतात. अधःश्लेष्मल थराचा वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग कल्पिले तर वरच्या भागापुरती राहिलेली गाठ लसिकाग्रंथींत क्वचितच पसरलेली आढळते, खालच्या भागापर्यंत गेलेली मात्र पाचांपैकी जवळपास एका रुग्णात. या दोन गाठी साध्या दुर्बिणीतून हुबेहूब सारख्या दिसू शकतात, कारण साधी दुर्बीण फक्त पृष्ठभाग दाखवते.

पृष्ठभागाखाली पाहण्याचे साधन कोठून आले, हा इतिहास उल्हासनगरच्या वाचकाला विशेष जवळचा वाटावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे वसली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि कॅम्प, सेक्शन, बराक नंबर ही लष्करी भाषा पत्त्यांत कायमची राहिली. जवळपास त्याच सुमारास, त्याच युद्धातून उरलेल्या दुसऱ्या एका वस्तूला असाच नवा उपयोग सापडत होता. जॉन ज्युलियन वाइल्ड या इंग्रज शल्यविशारदाला युद्धकाळातील लंडनमध्ये आतड्यांच्या फुगण्याने दगावणारे रुग्ण पाहताना आतड्याच्या भिंतीची जाडी मोजता आली पाहिजे, असे तीव्रतेने वाटले होते; युद्धानंतर अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे गेल्यावर वैमानिकांना रडारचा सराव देण्यासाठी अमेरिकी नौदलाने तयार केलेले, १५ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र त्याच्या हाती आले आणि त्यातून पाण्यात ठेवलेल्या आतड्याच्या भिंतीचे थर वेगवेगळे ओळखता येतात, हे त्याने १९५० मध्ये दाखवून दिले. पुढे जॉन रीड या अभियंत्याच्या साहाय्याने त्याने गुदमार्गातून आत घालता येईल अशी सोनोग्राफीची सळईही बनवली. म्हणजे सोनोग्राफी या शब्दाबरोबर आज कोणालाही प्रथम गर्भ आठवत असला, तरी या शास्त्राच्या आरंभी आतड्याची भिंत आहे आणि गुदाशयाची तपासणी त्याच्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी आहे. दुर्बीण आणि सोनोग्राफी एकाच नळीत बसवण्याचे काम १९८० च्या सुमारास अमेरिका, जर्मनी आणि जपान येथे झाले, आणि १९८५ मध्ये हिल्डेब्रांट आणि फायफेल या जर्मन शल्यविशारदांनी अल्ट्रासाउंडने ठरवलेल्या पायरीपुढे ‘यू’ हे अक्षर लावण्याची पद्धत सुचवली. यू-टी-१ असे अहवालात लिहिलेले असते, त्याचा अर्थ इतकाच की ही खोली कापून पाहिलेली नसून ध्वनीने मोजलेली आहे.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हे का दिसत नाही, असा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. ध्वनिलहरींची कंपनसंख्या जितकी जास्त तितकी त्यांची लांबी कमी आणि तितकी चित्रातील बारकाई अधिक. परंतु अशा लहरी फार खोल जात नाहीत. शरीराच्या मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, त्या हिशेबाने ७.५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ०.२ मिलिमीटर येते, तर २० मेगाहर्ट्झच्या लहरीची ०.०८ मिलिमीटरच्याही आत. पोटावरून गुदाशयापर्यंत पोचायचे तर लांब लहरी वापराव्या लागतात, त्यांना दोन मिलिमीटरच्या भिंतीतले थर वेगळे करता येत नाहीत, आणि वाटेत आतड्यातील हवा त्यांना अडवते ती निराळीच. आतून तपासताना यंत्र आणि गाठ यांच्यात फक्त थोडे पाणी असते. त्यामुळे जवळून पाहण्यासाठी उच्च कंपनसंख्या वापरता येते. अगदी लहान, सपाट गाठींसाठी तर साध्या दुर्बिणीच्या नळीतून जाणारी १२ किंवा २० मेगाहर्ट्झची बारीक सळई पुरते.

तपासणीपूर्वी एनिमाने गुदाशय स्वच्छ करतात, संपूर्ण मोठे आतडे पाहायचे असल्यास आदल्या दिवशी जुलाबाचे औषध देतात. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून, लागल्यास गुंगीचे इंजेक्शन देऊन, दुर्बीण आत घेतली जाते, गाठीच्या जागी पाणी भरले जाते आणि पडद्यावर भिंतीचा आडवा छेद उमटतो. त्यात कापलेल्या चिरोट्याच्या पदरांसारख्या पाच पट्ट्या आलटून पालटून पांढऱ्या आणि काळ्या दिसतात: आतली पांढरी आणि तिच्यामागची काळी मिळून श्लेष्मल त्वचा, तिसरी पांढरी म्हणजे अधःश्लेष्मल थर, चौथी काळी म्हणजे स्नायुथर आणि पाचवी पांढरी म्हणजे बाहेरची चरबी. तपासणाऱ्याचे सगळे लक्ष तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर असते. गाठीच्या काळसर सावलीखाली ती अखंड राहिली आहे, मध्येच विरली आहे, की पूर्ण तुटली आहे, हे ओळखण्यातच या तपासणीचे सारे कौशल्य आहे. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

लहान गाठींचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांतील बऱ्याच कर्करोगाच्या नसतात. तिसऱ्या थरातली पांढरी, मऊ गाठ बहुधा चरबीची असते आणि तिला हात न लावणे हेच योग्य. चौथ्या थरातून उगवलेली काळसर गाठ स्नायूंशी निगडित असते. रंगीत डॉप्लर सोनोग्राफीत रक्ताचा प्रवाह दिसला तर ती गाठ नसून फुगलेली रक्तवाहिनी असते, जिची बायोप्सी घेतली असती तर मोठा रक्तस्राव झाला असता. काही फुगवटे तर गुदाशयाचे नसतातच, बाहेरून प्रोस्टेट किंवा गर्भाशय टेकल्यामुळे ते आत दिसतात. सर्वांत विचारपूर्वक हाताळावी लागणारी गाठ म्हणजे न्यूरोएंडोक्राइन गाठ, जी संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींपासून होते. म्युनिकच्या सीगफ्रीड ओबेर्नडोर्फर या विकृतिशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखी पण कर्करोगाहून सौम्य, असे नाव दिले होते. त्या पसरू शकतात हे पुढे त्याच्याही ध्यानात आले. गुदाशयात ती बहुधा एक सेंटीमीटरहून लहान, किंचित पिवळसर, गुळगुळीत उंचवट्यासारखी दिसते आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या दुर्बीण-तपासणीत अवचित सापडते. एक सेंटीमीटरच्या आतली गाठ क्वचितच पसरते, तर दोन सेंटीमीटरच्या पुढे अर्ध्याहून अधिक रुग्णांत ती पसरलेली असते. येथे आकारालाही मोल आहे आणि तो अचूक मोजण्याचे काम अल्ट्रासाउंडच करते.

अडचण अशी की वरवर ही गाठ साध्या पॉलिपसारखी, म्हणजे आतड्यातील निरुपद्रवी कोंबासारखी दिसते, आणि पॉलिप दिसला की तारेचा फास टाकून लगेच कापावा, ही सवय हाताला लागलेली असते. परंतु तिचे मूळ अधःश्लेष्मल थरात असल्यामुळे साध्या फासाने वरचा भाग निघतो आणि तळ तेथेच राहतो. अहवालात न्यूरोएंडोक्राइन असा शब्द आल्यावर रुग्ण मोठ्या केंद्रात पोचतो तेव्हा जखम भरून व्रण उरलेला असतो आणि त्या व्रणाखाली काही उरले आहे का, हे सांगणे अनुभवी हातालाही जड जाते. सपाट पॉलिपच्या बाबतीतही वारंवार घेतलेल्या खोल बायोप्सींमुळे खालचा थर चिकटतो आणि गाठ अखंड सोलून काढण्याची संधी निसटते. व्रण पडलेली, कडक, उघड कर्करोगाची दिसणारी गाठ असेल तर बायोप्सी अवश्य घ्यावी, त्यात दुमत नाही. पण गुळगुळीत किंवा सपाट, संशयास्पद लहान गाठ प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरने तिचे चांगले छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी आणि न कापता पुढे पाठवावे, यात त्याचे कौशल्य कमी ठरत नाही. उपनगरातील डॉक्टर रुग्णासाठी करू शकेल अशी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. गाठीभोवतीची सूज पडद्यावर गाठीसारखीच काळी दिसते, त्यामुळे टी-२ ची गाठ टी-३ म्हणून नोंदवली जाण्याची चूक वारंवार होते. किरणोपचारानंतर उरलेला व्रण आणि उरलेली गाठ यांतील भेद तर जवळजवळ कळत नाही. मोठ्या, खोल गेलेल्या गाठींसाठी श्रोणिभागाची एमआरआय अधिक उपयोगी पडते, कारण गाठ आणि शस्त्रक्रियेत कापायची सीमा यांतील अंतर तीत चांगले दिसते. पण टी-१ आणि टी-२ यांतील फरक एमआरआयला नीट ओळखता येत नाही आणि लहान गाठीत नेमका तोच फरक हवा असतो. लसिकाग्रंथींच्या बाबतीत दोन्ही तपासण्या चुकतात, कारण पाच मिलिमीटरहून लहान ग्रंथींतही कर्करोग लपलेला असू शकतो. आणि तपासणाऱ्याच्या अनुभवाचे मोल फार मोठे आहे: निवडक अभ्यासांच्या संकलनांत ही तपासणी अतिशय अचूक ठरलेली दिसते, तर जर्मनीतील कित्येक रुग्णालयांच्या रोजच्या कामावरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत अल्ट्रासाउंडने सांगितलेली पायरी आणि शस्त्रक्रियेनंतर आढळलेली पायरी सुमारे ६५ टक्के रुग्णांतच जुळली, वर्षाला ३० हून अधिक तपासण्या करणाऱ्या रुग्णालयांत हे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. म्हणून ही तपासणी जवळ कोठे होते, यापेक्षा ती वारंवार कोण करतो, हे विचारणे रुग्णाच्या हिताचे आहे, आणि त्यासाठी लोकलचा एक जादा फेरा पडला तर तो सार्थकी लागतो.

गुदाशयाच्या कर्करोगासाठी अर्नेस्ट माइल्स या ब्रिटिश शल्यविशारदाने १९०८ मध्ये जी शस्त्रक्रिया मांडली, तिने असंख्य जीव वाचवले, परंतु प्रत्येकाला पोटावरची कायमची पिशवी दिली. जर्मनीच्या गेरहार्ड ब्यूस यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुदमार्गातूनच सूक्ष्मदर्शी साधनांनी गाठ काढण्याची पद्धत आणली आणि त्यानंतर जपानी तज्ज्ञांनी अधःश्लेष्मल थरात द्रव भरून, त्या थरातून सोलून गाठ अखंड काढण्याचे तंत्र विकसित केले. ही दोन्ही तंत्रे लहान आणि उथळ गाठीसाठीच आहेत. खोल गाठीवर ती वापरली तर उरलेला कर्करोग पुन्हा उगवतो, आणि उथळ गाठीवर माइल्सची शस्त्रक्रिया केली तर एका माणसाचा नैसर्गिक मार्ग विनाकारण जातो. अल्ट्रासाउंडचे खरे स्थान या दोन चुकांच्या मधोमध आहे.

अखंड काढलेली गाठ टाचण्यांनी ताणून एखाद्या सपाट पट्टीवर लावतात, फॉर्मलीनमध्ये ठेवतात आणि विकृतिशास्त्रज्ञ तिच्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा खोली मोजतो, या वेळी मायक्रोमीटरमध्ये. अधःश्लेष्मल थरात १००० मायक्रोमीटरपेक्षा कमी शिरकाव, पेशींची रचना बऱ्यापैकी टिकलेली, लसिकावाहिन्यांत आणि रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही आणि कडा मोकळ्या, असा अहवाल आला तर पुढची शस्त्रक्रिया टळते आणि ठरावीक महिन्यांनी दुर्बीण व अल्ट्रासाउंडने त्या जागेवर लक्ष ठेवणे पुरते. यांपैकी एखादी गोष्ट विरुद्ध निघाली, तर काही आठवड्यांत गुदाशय काढण्याचा विचार पुन्हा मांडावा लागतो, आणि तो रुग्णाला पहिल्याच दिवशी, अल्ट्रासाउंडच्या अहवालावर यू-टी-१ लिहिले जात असतानाच, सांगून ठेवलेला असला पाहिजे.